सोपी वाट कोणाला म्हणावी?

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या भटकंती आयोजकांची पत्रके फिरू लागतात. ठिकाण, तारीख, शुल्क, नाश्त्याला काय मिळेल आणि बस कोठून सुटेल या तपशिलांखाली एक छोटी ओळ असते : ‘श्रेणी – सोपी’, ‘श्रेणी – सोपी ते मध्यम’, क्वचित ‘श्रेणी – कठीण’. पैसे भरणारा माणूस बहुधा या एका शब्दावर निर्णय घेतो. आईला नेता येईल का, गुडघा कुरकुरणार नाही ना, दहा वर्षांच्या मुलाला झेपेल का, या साऱ्यांचे उत्तर त्या एका शब्दाने द्यावे अशी अपेक्षा असते. हा शब्द नेमके काय मोजतो, आणि तो येण्याआधी आपल्याकडे वाटांची काही प्रतवारी होती की नव्हती, याचा शोध मी या लेखात घेतला आहे.

मी गिर्यारोहक नाही आणि भूगोलाची पदवीही माझ्याजवळ नाही. मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीला मी राहते. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकल्यावर हे गाव येते. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेची मुलींची सैनिकी शाळा याच गावात आहे. पुण्याहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या बसगाड्या याच रस्त्याने जातात, त्यामुळे जून ते सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी पहाटे या साऱ्या श्रेणी माझ्या दारावरून जातात म्हटले तरी चालेल. वाटांची नावे टिपून ठेवण्याचा मला नाद आहे. गुराख्यांना विचारून, जुनी पुस्तके चाळून आणि गावनकाशे पाहून जमेल तेवढे जमवले. गावातल्या आणि पुण्याच्या ओळखीच्या बायकांना घेऊन जवळच्या टेकड्यांवरही जाते, म्हणून हा विषय माझ्यापुरता वहीतला राहिलेला नाही.

नावातच प्रतवारी

सह्याद्रीतल्या वाटांची नावे सलग वाचत गेले तर एक गोष्ट लवकर ध्यानात येते. त्यांतली पुष्कळ नावे म्हणजे वाटेचे वर्णनच आहे, आणि ते वर्णन चालणाऱ्याच्या कामाचे आहे.

‘नाळ’ म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेली घळ. रायगड-लिंगाणा परिसरातली बोराट्याची नाळ किंवा सिंगापूरची नाळ भटक्यांना परिचित आहे. नाळ हे मुळात पाण्याने कोरलेले पात्र. उन्हाळ्यात तेथून माणूस उतरतो आणि पावसाळ्यात पाणी उतरते. म्हणजे नाव ऐकताच तीन गोष्टी कळतात : पाय मोठ्या दगडांवर पडणार, वरून दगड सुटू शकतो आणि पाऊस असेल तर येथे येऊ नये. ‘सोंड’ याच्या उलट. डोंगराची जी धार हत्तीच्या सोंडेसारखी हळूहळू मैदानात उतरते, तिच्यावरची वाट दमवते. पण तेथे पाणी साचत नाही, दोन्ही बाजू दिसतात आणि वाट चुकण्याचा संभव कमी असतो. ‘शिडी’ किंवा ‘निसणी’ म्हटले की हातांचा उपयोग करावा लागणार हे उघड आहे. ‘पदर’ म्हणजे कड्याच्या पोटातला झाडीचा सपाट टप्पा; तेथे चढण नसते, परंतु ढोरवाटांचे जाळे असते आणि नवखा माणूस भरकटतो. ‘घसारा’ म्हणजे सुटी माती आणि बारीक खडे, जेथे चढण्यापेक्षा उतरणे अवघड. आणि ‘घाट’ हा शब्द जुन्या व्यापारी अर्थाने घेतला तर पाठीवर माल लादलेले जनावर जेथून चढू शकते ती वाट. सातवाहनकाळापासून वापरात असलेला, दगडी फरसबंदीचा नाणेघाट हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण.

एकाच ठिकाणी जाणाऱ्या अनेक वाटा पाहिल्या की ही प्रतवारी अधिक स्पष्ट होते. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून भीमाशंकरला जायला दोन वाटा आहेत. गणेश घाट लांबचा आणि सौम्य. शिडी घाट जवळचा, पण त्यात लोखंडी शिड्या आणि कातळाचे टप्पे. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट तुलनेने सोपी, खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब आणि दमवणारी, तर बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूला चढणारी नळीची वाट अनुभवी माणसांचीच. राजगडाला पाली दरवाजाची पायऱ्यांची प्रशस्त वाट आहे आणि गुंजवण्याकडून चोर दरवाजाची उभी वाट आहे. तेव्हा ‘हरिश्चंद्रगड – मध्यम’ असे छापणे जवळजवळ निरर्थक आहे. श्रेणी वाटेची असते, ठिकाणाची नसते.

पिरंगुटच्या पलीकडे एका धनगर आजोबांना मी एकदा विचारले होते, “मामा, या बायकांना ही वाट झेपेल का?” त्यांनी बायकांकडे पाहिलेच नाही, आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, “सोंडंनं जावा ताई. नाळंत उतरू नगा, पानी आलं तर मधीच सापडाल.” सोपी-कठीण हे शब्द त्यांच्या उत्तरात नव्हते. वाटेचा प्रकार, हवा आणि अडकण्याची शक्यता या तीन गोष्टी मात्र दोन वाक्यांत येऊन गेल्या.

आकडे काय सांगतात

पाश्चात्त्य देशांत हीच गोष्ट आकड्यांत बसवण्याचे प्रयत्न झाले. स्कॉटलंडमधले गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा हिशेब मांडला : सपाटीवर ताशी तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. पुढे एरिक लँगम्युअर यांनी त्यात उताराची दुरुस्ती केली. मंद उतारावर वेळ वाचतो, मात्र तीव्र उतारावर उलट वेळ वाढतो, हे त्यांनी हिशेबात घेतले. स्विस आल्पाइन क्लबची पदभ्रमणाची श्रेणी टी-१ ते टी-६ अशी सहा पायऱ्यांची आहे. तिच्यात अंतर किंवा दमछाक यांना महत्त्व नाही. पाय कोठे पडणार, हात लावावे लागतील का आणि घसरल्यास काय होईल, यांवर ती आधारलेली आहे. म्हणजे आपल्या सोंड, नाळ, शिडी या शब्दांच्या ती बरीच जवळ आहे.

नाइस्मिथचा नियम सिंहगडाला लावून पाहू. आतकरवाडीहून पायवाटेचे अंतर तीन किलोमीटरच्या आत आणि चढाई सुमारे ६०० मीटर. अंतराचा अर्धा तास आणि चढाईचा एक, असे मिळून दीड तास. दर रविवारी जाणारा पुणेकर तासाभरात पोचतो आणि पहिल्यांदा येणाऱ्याला सहज दोन तास लागतात. नियम चुकीचा नाही. तो सवयीच्या, निरोगी माणसाची सरासरी सांगतो. आपल्या पत्रकातली ‘श्रेणी’ मात्र कोणाची सरासरी सांगते, हे कोठेच लिहिलेले नसते. बहुतेक वेळा ती नेणाऱ्या पंचविशीतल्या लीडरची असते.

पाऊस आणि परतीची वाट

सह्याद्रीच्या बाबतीत आल्प्सची किंवा स्कॉटलंडची मोजपट्टी जशीच्या तशी चालत नाही, कारण आपल्याकडे चार महिन्यांत वाट पार बदलून जाते. पुणे शहराचा वर्षाचा पाऊस सरासरी सातशे ते साडेसातशे मिलिमीटरच्या दरम्यान. पश्चिमेकडे जावे तसा तो वेगाने वाढतो, आणि ताम्हिणीला २५ जुलै २०२४ रोजी सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुण्याच्या अख्ख्या वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा तेथे एका दिवसात पडला. आमच्या गावात रिमझिम असते आणि तासाभराच्या अंतरावर ढग फुटल्यासारखा कोसळत असतो. शहरात छत्री मिटून बसमध्ये चढलेल्या माणसाला हा फरक जाणवण्याचे कारणच नसते.

अंधारबनाचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुळशी-ताम्हिणी भागातल्या पिंपरीपासून निघणारी ही वाट दाट झाडीतून, कुंडलिकेच्या दरीच्या काठाने हिरडीला जाते आणि शेवटी कोकणात भिऱ्याकडे उतरते. पत्रकांत तिची श्रेणी बहुधा ‘सोपी ते मध्यम’ असते. चढाई थोडी, सावली भरपूर, कातळटप्पा नाही. चढाईवरून श्रेणी ठरवायची तर हा शब्द चुकीचा म्हणता येणार नाही. पण ही वाट घाटमाथ्यावर सुरू होऊन कोकणात संपते. बस माणसांना वर सोडते आणि वळसा घालून खाली थांबते. निम्मी वाट संपल्यावर कोणाचा पाय मुरगळला तर पुढे मोठा उतार आणि मागे पूर्ण चढण, आणि दोन्हीकडे ओलांडलेले किंवा ओलांडायचे ओढे. सकाळी घोट्याइतके असलेले पाणी दुपारी मांडीला लागू शकते. जोरदार पावसात ही वाट बंद ठेवण्याचे आदेश निघाले आहेत, त्यामागे हेच कारण आहे.

सिंहगडावर दमलेला माणूस कोठूनही मागे वळू शकतो. अंधारबनात तसे वळता येत नाही. दमछाक कदाचित सिंहगडालाच जास्त होईल, तरी अडकण्याची जोखीम अंधारबनात किती तरी अधिक. ‘सोपी’ या शब्दात दमछाक आणि जोखीम एकत्र कालवली गेली आहे, आणि अनेक घोटाळ्यांचे मूळ तेथे आहे.

गटाची चाल

आतापर्यंत वाटेचा विचार झाला. परंतु ही माणसे एकेकटी जात नाहीत, गटाने जातात, आणि गट झाला की वाटेची श्रेणी बदलते. एक साधा हिशेब करू. वाटेत एकच कातळटप्पा आहे, जेथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, आणि प्रत्येकाला दोन मिनिटे लागतात. बारा जणांचा गट २४ मिनिटांत पार होईल. चाळीस जणांच्या गटाला ८० मिनिटे लागतील. परतताना तेवढीच पुन्हा. वाट तीच, माणसेही तशीच. पण मोठ्या गटाचे दोन तास अधिक गेले आणि शेवटचा टप्पा अंधारात आला. मुक्कामी पोचायला रात्र होणे हे वाटेमुळे होते असे आपण समजतो. पुष्कळदा ते संख्येमुळे होते.

दुसरी गोष्ट मागे राहणाऱ्यांची. पुढचे लोक भरभर जातात, थांबून मागच्यांची वाट पाहतात, आणि मागचे दिसले की पुन्हा चालू लागतात. परिणाम असा की ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना ती दर वेळी मिळते आणि सर्वांत दमलेल्या माणसाला एकदाही मिळत नाही. तो बोलत नाही, कारण आपल्यामुळे सगळे खोळंबले याची त्याला लाज वाटत असते. माझ्याबरोबर येणाऱ्या पन्नाशीच्या बायकांपैकी कित्येकींनी एखाद्या ‘सोप्या’ सहलीनंतर भटकंती कायमची सोडली होती. त्यांचे गुडघे ठीक होते. आपण कमी पडलो असे त्यांना वाटले होते, आणि तसे वाटायला तो छापील शब्द कारणीभूत होता : वाट सोपी, तरी मला जमली नाही.

गटाने चालण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तिच्याकडे या दृष्टीने पाहायला हरकत नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपासचा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि चालणाऱ्यांत सत्तरीच्या आजीबाई असतात. हे जमते कसे? दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, अगदी रथापुढे २७ दिंड्या इथपर्यंत. विसाव्याची ठिकाणे आधीच ठरलेली असतात, आणि विसावा सर्वांचा एकाच वेळी होतो. जड सामान वाहनांत असते. दिंडीची चाल टाळ-मृदंगाने बांधलेली असते, तरण्या पायांच्या जोरावर ती वाढत नाही. श्रद्धेचा भाग आपल्या जागी. पण दमणाऱ्या माणसाला धरून चालण्याची ही व्यवस्था शिकण्यासारखी आहे.

जबाबदार संस्था हे जाणतात. पुण्याची १९८२ पासूनची ‘गिरिप्रेमी’ किंवा अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ यांसारख्या संस्थांमुळे प्रशिक्षणाची भाषा आपल्याकडे रुजली. पुढे एक वाट जाणणारा, शेवटी एक अनुभवी माणूस आणि त्याच्या मागे कोणी नाही, ही किमान रचना आहे. अडकलेल्यांना सोडवायला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी पथके स्वयंसेवेने धावून जातात. राज्य शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी नियम केले, त्यांतल्या काही तरतुदींवर गिर्यारोहकांनी आक्षेप घेतले, आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले. त्यात आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेच्या सूचना आहेत. नोंदणी हवीच. पण नोंदणीकृत आयोजकाच्या पत्रकावरही ‘सोपी’ हा एकच शब्द असेल, तर वाचणाऱ्याला काही कळत नाही.

माझ्या मते पत्रकात पाच गोष्टी लिहिल्या तर श्रेणीचा शब्द नसला तरी चालेल. एकूण चढाई आणि एकूण उतराई किती. वाटेतली सर्वांत अवघड जागा कोणती आणि ती किती लांब. कोठे घसरल्यास केवळ खरचटेल आणि कोठे जिवावर बेतेल. पाणी किती ठिकाणी ओलांडायचे. आणि अर्ध्यातून परतायचे झाले तर कोठून, कसे. याला जोडून गटात जास्तीत जास्त किती जण आणि त्यांत सांभाळणारे किती, हेही हवे. ही माहिती स्थानिक वाटाड्याला तोंडपाठ असते. त्याला फक्त वाट दाखवायचा मेहनताना देण्याऐवजी पत्रक तयार करतानाच विचारले आणि त्याचेही पैसे दिले, तर शहरातल्या माणसाला खरी श्रेणी कळेल आणि गावातल्या माणसाच्या ज्ञानाला मोल येईल.

खालची पायरी

एक प्रश्न उरतो, आणि माझ्या गावापुरता तोच सर्वांत मोठा आहे. श्रेणी म्हणजे शिडी. सगळ्यांत खालची पायरी म्हणजे घरापासून तासाभराच्या अंतरावरची टेकडी, जेथे चुकले तरी गाव दिसते, दमले तर परतता येते, आणि चूक स्वस्तात पडते. तेथे पाय तयार होतात, मग सिंहगड, मग राजगड, मग नाळा आणि घाट. पुण्यातल्या मागच्या पिढ्या पर्वती आणि वेताळ टेकडीवरून अशाच वर गेल्या.

पिरंगुट ते पौड या पट्ट्यातल्या आमच्या टेकड्या याच पायरीच्या. धारा रुंद, उतार सौम्य, पाऊसही ताम्हिणीच्या मानाने माफक. पण येथे आता दर वर्षी एखादी सोंड कापलेली दिसते, उतारावर प्लॉट पडतात, आणि ज्या वाटेने गुरे आणि माणसे जात होती तेथे कुंपण आणि फाटक उभे राहते. दोन टेकड्यांवरच्या आमच्या फेऱ्या याच कारणाने बंद झाल्या. जवळची सोपी वाट नाहीशी झाली की नवखा माणूस चालायचे थांबत नाही. तो थेट बसमध्ये बसून अंधारबनाला जातो. शिडीची खालची पायरी काढून घेतली आणि वरच्या पायरीवर ‘सोपी’ असे लिहिले, अशी ही अवस्था आहे.

इंग्लंडमध्ये हा झगडा उघडपणे झाला. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट या डोंगरावर बंदी मोडून चढले आणि काहींनी तुरुंगवास भोगला. १९४९ च्या कायद्याने तेथे पायवाटांची अधिकृत नोंद करणारे नकाशे तयार करणे बंधनकारक झाले. नोंदलेली वाट जमीनमालकाला बंद करता येत नाही.

आपल्याकडे अगदीच काही नाही असे नाही. जुन्या गावनकाशांत गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. अडवलेल्या वहिवाटीच्या रस्त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे, आणि बांधावरून रस्ता मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. ही साधने शेतकऱ्याला शेतात जाता यावे म्हणून आहेत, फिरायला जाणाऱ्यासाठी नाहीत, हे खरे. पण ज्या पायमार्गाने शेतकरी जातो त्यानेच गुराखी जातो, शाळेची मुले जातात, आणि रविवारी पाय मोकळे करणारी बाईही जाते. त्या तुटक रेषा आज जमिनीवर कोठे शिल्लक आहेत, एवढे जरी प्रत्येक गावाने चालून तपासले आणि ग्रामसभेत नोंदवले, तरी मोठे काम होईल. त्यासाठी दोर लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही. गावनकाशाची प्रत, वाट माहीत असलेला एखादा म्हातारा माणूस आणि दोन-चार सकाळी पुरेत. कासार आंबोलीच्या शिवारात आम्ही काही बायकांनी या दिवाळीनंतर हे करायचे ठरवले आहे. उन्हाळ्याआधी नोंदी पूर्ण झाल्या तर ज्या वाटा सापडतील त्यांच्यापुढे श्रेणी लिहिणार नाही. सोंड आहे की नाळ, पाणी कोठे आहे आणि परत कोठून वळता येते, एवढेच लिहू.